क्षमा कुणाला करायची? वर्णभेदानंतरचा समेट मुलांना समजावताना

२७ जून १९८५ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतील क्रॅडॉक या लहान गावाकडे मोटारीने परतणारी चार माणसे घरी पोहोचलीच नाहीत. त्यांपैकी तिघे शाळाशिक्षक होते आणि चौथे रेल्वेत नोकरी केलेले कामगार होते. वर्णभेदी सरकारच्या सुरक्षा पोलिसांनी त्यांना वाटेत अडवले, ठार केले आणि मृतदेह जाळले. जवळजवळ अकरा वर्षांनी, एप्रिल १९९६ मध्ये, ईस्ट लंडन या तिथल्याच शहरात, वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांचे सत्य नोंदवण्यासाठी नेमलेल्या सत्य आणि समेट आयोगाची पहिली सुनावणी झाली, तेव्हा या चौघांपैकी सिसेलो म्हलाउली यांची मुलगी आयोगासमोर आली. वडील गेले तेव्हा ती शाळकरी वयाची होती. आम्हाला क्षमा करायची आहे, पण ती कुणाला करायची हेच आम्हाला ठाऊक नाही, अशा आशयाचे ती बोलली आणि तिचे हे बोलणे पुढे जगभर सांगितले गेले.

मुलांना क्षमा आणि समेट या गोष्टी समजावायच्या असतील, तर या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. कारण आपण मोठी माणसे बहुधा उलट्या टोकापासून सुरुवात करतो. दोन मुले भांडली की ‘सॉरी म्हण, हात मिळव, झाले गेले विसरून जा’ असे सांगून आपण मोकळे होतो. भांडण कशावरून झाले, कुणी कुणाला काय केले आणि हिसकावलेली वस्तू परत मिळाली का, हे विचारायला आपल्याला सवड नसते. घरातल्या किरकोळ भांडणात यामुळे फारसे बिघडत नाही. मात्र हीच रीत एका देशाच्या इतिहासाला लावली, तर मुले असे शिकतात की क्षमा करणे हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे कर्तव्य आहे आणि ते त्याने शक्य तितक्या लवकर उरकावे.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट मुलांना अशीच गुळगुळीत करून सांगितली जाते. नेल्सन मंडेला २७ वर्षे तुरुंगात होते, ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते बाहेर आले, त्यांनी सगळ्यांना क्षमा केली आणि देश इंद्रधनुष्यासारखा एक झाला, अशी ती गोष्ट असते. त्यातला एकही तुकडा निखालस खोटा नाही, पण मधली पाने फाडलेली आहेत. कशाबद्दल क्षमा केली, हे माहीत नसलेल्या मुलाला त्या क्षमेची किंमत कळत नाही.

म्हणून पहिली पायरी आहे ती काय घडले हे सांगण्याची. येथे ‘गोरे लोक काळ्या लोकांशी वाईट वागत’ हे वाक्य अपुरे आणि काहीसे दिशाभूल करणारेही आहे, कारण त्यातून हा केवळ स्वभावाचा किंवा शिष्टाचाराचा प्रश्न होता असे वाटते. वर्णभेद हा कायदा होता. १९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि पुढच्या काही वर्षांत तिने एकामागून एक कायदे केले. १९४९ मध्ये गोऱ्यांचे इतरांशी विवाह बेकायदा ठरले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसाचा ‘वंश’ सरकारदरबारी नोंदला जाऊ लागला आणि त्याच वर्षीच्या समूह वस्ती कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहायचे हे ठरवले. १९५३ च्या कायद्याने बाके, बसगाड्या, टपाल कार्यालयाच्या रांगा, समुद्रकिनारे, सारे वेगळे करण्याला मान्यता मिळाली, आणि वेगळ्या सोयी समान दर्जाच्या असण्याची गरज नाही हेही त्यातच नमूद होते.

कायद्यांची ही यादी दहा वर्षांच्या मुलापुढे वाचली तर ते जांभया देईल, यात शंका नाही. मुलाला कळते ती पेन्सिल. एखाद्याचा वंश कोणता याबद्दल अधिकाऱ्यांना शंका आली, तर त्याच्या केसांत पेन्सिल खोवून पाहिली जाई. ती सहज घसरून पडली तर माणूस गोरा ठरण्याची शक्यता असे आणि अडकून राहिली तर नसे. आपल्याच घरातल्या चार माणसांच्या केसांकडे पाहून मुलाला या कसोटीचा वेडेपणा उमगतो. १९६६ मध्ये गोऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीला, तिची कांती आणि केस वेगळे दिसतात म्हणून, गोऱ्यांच्या निवासी शाळेतून पोलिसांकरवी घरी पाठवण्यात आले आणि सरकारने तिची नोंद बदलून ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, अशी केली. आईवडील तेच आणि घरही तेच असताना एका कागदाने ती त्या घरातली परकी झाली.

मुलाला कळणारी दुसरी गोष्ट आहे पावाची. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात राजकीय कैद्यांचे जेवणसुद्धा वंशानुसार ठरलेले होते. भारतीय आणि कलर्ड कैद्यांना पाव मिळे, आफ्रिकी कैद्यांना मात्र अनेक वर्षे तो मिळत नसे, आणि त्यांना साखर व मांसही कमी मिळे. १९६४ मध्ये मंडेलांबरोबर जन्मठेप होऊन तेथे पोहोचलेले अहमद कथ्राडा हे गुजराती कुटुंबातले होते. त्या गटात ते वयाने सर्वांत लहान, चौतिशीचे, तरीही त्यांना पूर्ण लांबीची विजार देण्यात आली आणि त्यांच्याहून वडीलधाऱ्या मंडेलांना अर्धी चड्डी. आफ्रिकी पुरुष कितीही वयाचा असला तरी तो ‘पोऱ्या’च, हा त्यामागचा संदेश होता. मोठ्यांना मान द्यावा असे रोज ऐकणाऱ्या मुलाला या अर्ध्या चड्डीतला अपमान लगेच कळतो.

पाव मिळणाऱ्यांमध्ये आपल्या देशातून गेलेले लोकही होते, हे मराठी घरात सांगताना वगळू नये. वर्णभेदाची उतरंड दोन पायऱ्यांची नव्हती, त्यात मधल्या पायऱ्याही होत्या, आणि भारतीयांना त्यातली एक मिळाली होती. ती पायरी सुरक्षित मुळीच नव्हती. रत्नागिरी आणि त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातून गेलेली कोकणी मुस्लिम कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाऊनमध्ये किरकोळ दुकाने चालवत स्थिरावली होती. समूह वस्ती कायदा लागू झाल्यावर त्यांच्यातील अनेकांना राहती घरे आणि जमलेले धंदे सोडून रायलँड्ससारख्या भारतीयांसाठी आखून दिलेल्या वस्तीत जावे लागले. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातून महाडचे चवदार तळे माहीत असते, त्यामुळे वेगळे पाणी आणि वेगळे बाक म्हणजे काय हे त्यांना परक्या देशाचे वाटणार नाही. तरीही दोन्ही गोष्टी एकच आहेत असे सांगण्याची घाई करू नये. तिथे विसाव्या शतकातल्या सरकारने कार्यालये, शिक्के आणि ओळखपत्रे यांच्या बळावर भेद उभा केला होता. इथला भेद रूढीने आणि धर्माच्या आधाराने शतकानुशतके चालत आला आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता गुन्हा ठरवली. तुलना मुलांनाच करू द्यावी, कारण ती त्यांना सुचतेच.

शाळा हा तर मुलांचा स्वतःचाच विषय आहे. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण मुद्दाम खालच्या दर्जाचे ठेवले आणि त्यांना मजुरीपुरते शिकवावे हा हेतू राज्यकर्त्यांनी लपवलाही नाही. १९७० च्या दशकात सरकार एका गोऱ्या मुलाच्या शिक्षणावर एका आफ्रिकी मुलाच्या तुलनेत दहा पटींहून अधिक खर्च करत होते. त्यातच आफ्रिकी शाळांमध्ये निम्मे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकवण्याची सक्ती आली. गणित आधीच अवघड, ते राज्यकर्त्यांच्या भाषेत शिकायचे आणि शिकवणाऱ्या शिक्षकालाही ती भाषा नीट येत नाही, अशी ती परिस्थिती होती. १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या आफ्रिकी वस्तीतील हजारो विद्यार्थी मोर्चा घेऊन निघाले आणि पोलिसांनी गोळीबार केला. बारा वर्षांच्या हेक्टर पीटरसनला उचलून धावणारा तरुण आणि शेजारी आक्रोश करत पळणारी हेक्टरची बहीण, हे सॅम न्झिमा यांनी टिपलेले छायाचित्र जगभर पोहोचले. हे छायाचित्र अगदी लहान मुलांना दाखवू नये. मोठ्या मुलांना दाखवायचे तर त्यातल्या बहिणीचे पुढे काय झाले तेही सांगावे. त्याच घटनेच्या स्मृतीसाठी सोवेटोत उभारलेल्या संग्रहालयात तिने अनेक वर्षे येणाऱ्यांना त्या दिवसाची हकिकत सांगितली. छायाचित्रातली माणसे त्या क्षणापाशी गोठून राहत नाहीत, हे मुलांना कळणे आवश्यक असते.

एवढे सांगून झाले की समेटाचा विषय काढता येतो, आणि तिथे आपली भाषाच थोडी अडचण करते. मराठीत ‘माफी’ हा एकच शब्द तीन कामांना जुंपलेला आहे. अपराधी माफी मागतो, दुखावलेला माणूस माफ करतो आणि सरकार शिक्षा माफ करते. मुलाच्या डोक्यात ही तीन कामे सुटी झाल्याशिवाय सत्य आणि समेट आयोगाने नेमके काय केले हे त्याला कळणार नाही. शिक्षा माफ करणे हा कायद्याचा व्यवहार आहे आणि तो सरकार करू शकते. क्षमा हा ज्याचे नुकसान झाले त्याच्या मनाचा अधिकार आहे, तो त्याच्या वतीने दुसरा कुणी वापरू शकत नाही. समेट म्हणजे ज्यांनी एकमेकांना क्षमा केली असेल किंवा नसेलही, अशा लोकांनी पुढे एकाच गावात आणि एकाच कायद्याखाली कसे राहायचे याची घडी बसवणे. आपल्याकडे ‘मिटवून टाका’ म्हणतात ते या तिन्हींपैकी काहीच नसते. तो फक्त विषय बंद करण्याचा मार्ग असतो.

आता आयोगाची रचना पाहू. १९९० नंतर गोऱ्यांचे सरकार आणि मंडेलांची संघटना आफ्रिकन नॅशनल काँग्रेस यांच्यात वाटाघाटी झाल्या आणि २७ एप्रिल १९९४ रोजी सर्व वंशांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. वर्णभेदी सरकार युद्धात हरले नव्हते. सैन्य, पोलीस आणि प्रशासन जागच्या जागी होते, आणि सर्वांवर खटले भरू असे म्हटले असते तर सत्तांतर शांततेने होण्याची शाश्वती नव्हती. दुसरीकडे, सर्वांना सरसकट माफी देऊन फाइल बंद केली असती तर पीडितांच्या वाट्याला अंधारच आला असता. १९९५ च्या कायद्याने या दोहोंमधला एक सौदा मांडला. मार्च १९६० ते मे १९९४ या काळात राजकीय हेतूने गुन्हा केलेल्याने सर्वांसमक्ष येऊन संपूर्ण सत्य सांगितले, तर त्याला त्या कृत्याबद्दल शिक्षेतून माफी मिळू शकेल. सत्य लपवले तर माफी नाही. आर्चबिशप डेस्मंड टुटू या आयोगाचे अध्यक्ष होते. एक समिती पीडितांचे ऐकून घेई, दुसरी माफीचे अर्ज तपासत असे आणि तिसरी भरपाईच्या शिफारशी करत असे.

या सौद्यातली एक अट मुलांना, आणि पुष्कळ मोठ्यांनाही, चकित करते. माफीसाठी पश्चात्ताप दाखवणे बंधनकारक नव्हते. अर्जदाराने खरे सांगायचे होते, रडायचे किंवा हात जोडायचे नव्हते. हे प्रथम अन्यायाचे वाटते, पण विचार केल्यावर त्यातला शहाणपणा दिसतो. पश्चात्तापाची सक्ती केली असती तर प्रत्येकाने तो अभिनयाने दाखवला असता, आणि शिक्षेच्या भीतीने म्हटलेल्या ‘सॉरी’ला किती अर्थ असतो हे कोणत्याही वर्गातल्या मुलांना ठाऊक असते.

एकवीस हजारांहून अधिक पीडितांनी आपली निवेदने नोंदवली. ज्यांना उघड सुनावणीत बोलायचे होते ते आपल्या भाषेत बोलले आणि दुभाष्यांनी ते इतरांपर्यंत पोहोचवले. ज्या देशात एका भाषेच्या सक्तीवरून मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे ही व्यवस्था साधी म्हणता येणार नाही. माफीसाठी सात हजारांहून अधिक अर्ज आले आणि ८४९ मंजूर झाले. म्हणजे बहुसंख्य अर्ज फेटाळले गेले. आयोगाने सर्वांना सोडून दिले, हा समज किती चुकीचा आहे हे या एका आकड्यावरून कळते.

क्षमेचे खरे धडे मात्र आयोगाच्या नियमांत नाहीत, ते माणसांच्या वेगवेगळ्या वागण्यात आहेत. १९८६ मध्ये केपटाऊनजवळच्या गुगुलेथू वस्तीत पोलिसांनी सात तरुणांना सापळा रचून मारले. त्यांपैकी क्रिस्टोफर पीट याची आई सिंथिया न्गेवू आयोगासमोर जे बोलल्या त्याचा आशय असा होता की, समेट म्हणजे माझ्या मुलाला मारणारा हा माणूस पुन्हा माणूस होणार असेल आणि त्यामुळे आम्हा सर्वांना आमची माणुसकी परत मिळणार असेल, तर मला तो मान्य आहे. झुलू भाषेत एक म्हण आहे, ‘उमुन्टू न्गुमुन्टू न्गाबान्टू’, माणूस हा माणसांमुळेच माणूस होतो. या माणुसकीच्या कल्पनेला उबुंटू म्हणतात. हा शब्द पुढे जाहिरातींपर्यंत सर्वत्र वापरून गुळमुळीत झाला आहे, पण सिंथियाबाईंच्या त्या बोलण्यात त्याचा मूळ कस शिल्लक आहे.

त्याच गुगुलेथूत १९९३ मध्ये एमी बील या अमेरिकी विद्यार्थिनीला, ती वर्णभेदाच्या विरोधात काम करणारी असूनही, केवळ ती गोरी आहे म्हणून जमावाने ठार केले. दोषी ठरलेल्या चार तरुणांच्या माफीला तिच्या आईवडिलांनी विरोध केला नाही. १९९८ मध्ये ते सुटले आणि पुढे त्यांपैकी दोघे एमीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत काम करू लागले. ही गोष्ट शाळांमध्ये फार आवडीने सांगितली जाते आणि ती सांगावीही.

परंतु तिच्याबरोबर स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर धडा एकतर्फी होतो. बिको हे कृष्णवर्णीयांच्या आत्मभानाच्या चळवळीचे नेते होते आणि सप्टेंबर १९७७ मध्ये पोलीस कोठडीतील मारहाणीमुळे त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कुटुंबीयांनी इतरांसह थेट घटना न्यायालयात धाव घेतली आणि आमचा न्याय मागण्याचा हक्क हा कायदा हिरावून घेतो, अशी तक्रार केली. न्यायालयाने १९९६ मध्ये कायदा वैध ठरवला, पण त्यांची वेदना खोटी आहे असे म्हटले नाही. पुढे बिकोंच्या मृत्यूसंबंधी पोलिसांनी केलेले माफीचे अर्ज १९९९ मध्ये फेटाळले गेले. १९९३ मध्ये खून झालेले वर्णभेदविरोधी नेते क्रिस हानी यांच्या पत्नीनेही मारेकऱ्यांच्या माफीला कायम विरोध केला आणि त्या दोघांना ती मिळालीही नाही.

मुले येथे हमखास विचारतात, ‘मग यांतले चांगले कोण?’ या प्रश्नाला उत्तर देण्याचा मोह आवरला पाहिजे. एमीचे आईवडील थोर आणि बिकोंचे कुटुंबीय सूडबुद्धीचे, असे चित्र मुलाच्या मनात उभे राहिले तर आपण क्षमेचा धडा शिकवताना अन्यायाचीच बाजू घेतली असे होईल. न्याय मागणे म्हणजे सूड घेणे नव्हे. क्षमा न करणारा माणूसही शेजाऱ्यावर हात न उगारता, न्यायालयाच्या पायऱ्या चढत, समेटाच्या व्यवस्थेत जगू शकतो, आणि बिको कुटुंबाने तेच केले.

माफी मागण्याबाबतही एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. एड्रियान व्लॉक हे वर्णभेदी सरकारमध्ये कायदा आणि सुव्यवस्था मंत्री होते. १९८९ मध्ये धर्मोपदेशक फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांत विष पेरून त्यांना मारण्याचा प्रयत्न झाला होता. २००६ मध्ये व्लॉक चिकाने यांच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी त्यांचे पाय धुऊन क्षमा मागितली. पाय धुणे म्हणजे काय हे मराठी मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण गोष्ट इथे थांबवू नये. पुढच्या वर्षी व्लॉक न्यायालयात उभे राहिले, त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना स्थगित शिक्षा झाली. पाय धुतले म्हणून खटला टळला नाही, आणि ‘मी सॉरी म्हटले ना, मग आता शिक्षा का?’ असे विचारणाऱ्या मुलासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

या विषयात सर्वांत नाजूक जागा आहे ती आजच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्गात बसलेल्या गोऱ्या मुलाची. त्याचा जन्म २०१२ सालचा आहे, त्याने कुणालाही बाकावरून उठवलेले नाही, मग तो मान खाली घालून का बसला आहे? त्याला ‘हे तू केलेस’ असे कुणी सांगू नये, कारण ते खोटे आहे. ‘तुझा याच्याशी काही संबंध नाही’ असेही सांगू नये, कारण तेही खरे नाही. अपराध वारशाने येत नाही, पण घर, जमीन, चांगली शाळा आणि ओळखीपाळखी या वारशाने येतात आणि त्यांचा अभावही वारशानेच येतो. मुंबईत जन्मलेले अभ्यासक महमूद ममदानी यांनी आयोगावर जी टीका केली ती याच जागी बोट ठेवते. आयोगाने खून, छळ, अपहरण अशा गंभीर गुन्ह्यांकडे पाहिले, पण कायद्याने उठवून दुसरीकडे फेकलेल्या सामान्य माणसांचे काय, आणि त्या कायद्यांचा निमूटपणे लाभ घेणाऱ्यांचे काय? १९६० ते १९८३ या काळात अंदाजे ३५ लाख लोकांना बळजबरीने हलवण्यात आले होते. त्यांच्यावर कुणी पिस्तूल रोखले असेलच असे नाही, त्यांना नोटीस आली होती. मला ही टीका आयोगाच्या कौतुकाइतकीच महत्त्वाची वाटते, आणि नववी-दहावीच्या मुलांना ती झेपते.

केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या भागावरून हे फार स्पष्ट करता येते. बंदरापासून जवळ, गरीब पण गजबजलेल्या या वस्तीत कलर्ड, आफ्रिकी, भारतीय, ज्यू अशी सर्व प्रकारची माणसे शेजारी राहत होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने हा भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला आणि पुढच्या दीड दशकात साठ हजारांहून अधिक लोकांना दूरच्या माळरानावर नेऊन टाकले. घरे जमीनदोस्त झाली. आज तिथे एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. त्याच्या जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा भला मोठा नकाशा अंथरलेला आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपले घर जिथे होते त्या जागी आपल्या हाताने नावे लिहिली आहेत. मुलांना नेण्यासारखी जागा आहे ती हीच, कारण इथे क्षमेबद्दल कुणी प्रवचन देत नाही. आजी वाकून नकाशावरची एक गल्ली दाखवते आणि नातू विचारतो की मग आता तिथे काय आहे. २००४ मध्ये काही वृद्धांना तिथे नव्याने बांधलेल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तरी बहुसंख्य दावेदारांची वाट पाहणे त्यानंतरही संपले नाही. आयोगाने पीडितांसाठी सुचवलेली भरपाई सहा वर्षे दरसाल देण्याची होती. सरकारने २००३ मध्ये प्रत्येकी ३० हजार रँड एकरकमी देऊन ते प्रकरण आटोपले. घेतलेले परत न करता केलेला समेट किती तकलादू असतो, हे सांगायला याहून अधिक शब्द लागत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेच्या शालेय अभ्यासक्रमात नववीला १९६०, १९७६ आणि १९९० ही इतिहासाची वळणे आहेत आणि बारावीला लोकशाहीचे आगमन व भूतकाळाला सामोरे जाणे हा घटक आहे, ज्यात आयोगाची बाजू आणि त्यावरील टीका दोन्ही अभ्यासायच्या असतात. लहान मुले मात्र समेट शिकतात तो पुस्तकाबाहेर. १९९७ पासून त्या देशाचे राष्ट्रगीत पाच भाषांत गायले जाते. त्यात मुक्तिलढ्यातील प्रार्थनागीताची कडवी आहेत आणि जुन्या वर्णभेदी राजवटीच्या राष्ट्रगीताच्या ओळीही आहेत. ज्यांनी आपल्याला छळले त्यांच्या भाषेतल्या ओळी गायच्या का, यावर तिथे आजही वाद होतो, आणि तो वाद मुलांसमोर झाला तर काही बिघडत नाही. १६ डिसेंबर या सुटीचेही असेच आहे. १८३८ मध्ये याच तारखेला बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या, वसाहतवाल्यांनी झुलू सैन्याचा पराभव केला, म्हणून त्यांचे वंशज, गोरे आफ्रिकानेर, हा दिवस पवित्र मानत. १९६१ मध्ये मंडेलांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र लढ्याची सुरुवात मुद्दाम याच दिवशी केली. १९९५ पासून तो समेट दिन झाला. कुणाचीच आठवण पुसली नाही, तारखेचा अर्थ तेवढा वाढवला. जोहान्सबर्गमध्ये जिथे गांधी आणि मंडेला दोघांनाही कैदेत ठेवले होते त्या जुन्या तुरुंगाच्या आवारात घटना न्यायालय बांधले, तेव्हा पाडलेल्या कोठडीच्या विटा न्यायालयाच्या इमारतीत वापरण्यात आल्या. त्या भिंतीला हात लावणाऱ्या मुलाला फारसे काही सांगावे लागत नसावे.

घरी किंवा वर्गात शिकवताना दोन गोष्टी टाळाव्यात, असे माझे मत आहे. एक म्हणजे मुलांना ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा गटांत विभागून अन्यायाचे नाटक करवणे. त्यातून समज येण्याऐवजी खरोखरच्या जखमा होतात, आणि ज्याच्या घरात ती वेदना आधीपासून आहे त्याच्यावर तो प्रयोग होतो. दुसरी म्हणजे तासाच्या शेवटी सर्वांना एकमेकांना मिठी मारायला लावणे. सहा-सात वर्षांच्या मुलाला नियम अन्यायाचा होता, लोकांनी तो बदलला आणि बदलताना अनेकांनी सोसले, एवढे पुरते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला नावे, गावे आणि माणसे द्यावीत. त्यापुढच्या वयात सिंथिया न्गेवू आणि बिको कुटुंब यांना शेजारी बसवून प्रश्न तसाच उघडा ठेवावा, आणि ‘मी क्षमा केली नसती’ असे एखाद्या मुलीने म्हटले तर तिला गप्प न करता, मग तू काय केले असतेस, असे विचारावे.

क्रॅडॉकच्या त्या मुलीच्या प्रश्नाला अर्धे उत्तर मिळाले. सहा माजी पोलिसांनी पुढे येऊन माफीसाठी अर्ज केले, म्हणजे नावे कळली, पण १९९९ मध्ये त्यांना माफी नाकारण्यात आली. त्यानंतर खटला मात्र उभा राहिला नाही, आणि वर्षे जात राहिली तसे ते सहाही जण मरण पावले. जून २०२५ मध्ये, हत्येला चाळीस वर्षे होत असताना, या प्रकरणाची चौकशी न्यायालयात तिसऱ्यांदा सुरू झाली. आयोगाने पुढे पाठवलेले खटले इतकी वर्षे कुणी आणि का अडवले, हे शोधण्यासाठी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी त्याच वर्षी वेगळा आयोगही नेमला. वडील गेले तेव्हा लहान असलेली त्या चार घरांतली मुले आता मध्यमवयीन झाली आहेत आणि न्यायालयाच्या बाकांवर त्यांच्या शेजारी त्यांची स्वतःची मुले बसू शकतील एवढा काळ लोटला आहे.